खोडदची रेडिओ दुर्बीण आणि विश्वाची कोडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरून खोडदकडे वळलं, की उसाच्या फडामागून एक तबकडी डोकं वर काढते. मग दुसरी, मग चार-पाच एकदम. आसपासच्या गावांत सगळे नुसतं 'दुर्बीण' म्हणतात, कागदोपत्री नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. विज्ञान दिनाला तिथं येणाऱ्या लोकांना समजावून सांगायचं काम मी काही वर्षं केलं. त्या दोन दिवसांत घसा बसतो, कारण प्रश्न तेच असले तरी विचारणारा दरवेळी नवा असतो. त्यातलेच हे प्रश्न. उत्तरं मात्र स्टॉलवर देता येतात त्यापेक्षा जरा सावकाश दिली आहेत.

या दुर्बिणीला डोळा कुठून लावायचा?

कुठूनच नाही. पहिला प्रश्न नेहमी हाच, आणि उत्तर ऐकून पोरांची तोंडं उतरतात. इथं भिंग नाही, आरसा नाही. डोळ्याला दिसतो तो प्रकाश आणि रेडिओ लहरी ही एकाच कुळातली भावंडं, फरक फक्त तरंगलांबीचा. दिसणाऱ्या प्रकाशाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. खोडदची दुर्बीण ज्या लहरी पकडते त्या साधारण २० सेंटिमीटरपासून अडीच मीटरपर्यंतच्या. या लहरींसाठी आपल्याकडे इंद्रियच नाही, म्हणून तबकडी आणि अँटेना.

आकाशातून रेडिओ लहरी येतात हे कळलं तेही अपघातानंच. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कार्ल जान्स्की हा अभियंता समुद्रापलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधत होता. एक खरखर काही केल्या जाईना, आणि ती रोज चार मिनिटं लवकर यायची. ताऱ्यांचं उगवणंही रोज चार मिनिटं अलीकडे सरकतं. ती खरखर आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येत होती.

तबकडीला पत्रा का नाही? ही तर नुसती जाळी आहे!

तबकडीच्या खाली उभं राहून वर पाहिलं की ढग सरळ दिसतात. पाऊसही त्यातून गळून पडतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्टेनलेस स्टीलची तार आणि एक ते दोन सेंटिमीटरची भोकं. आपल्या डोळ्याला ती चाळणी वाटते, पण २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरीला ती भोकं जाणवतच नाहीत. तिच्या लेखी तो सलग आरसाच.

यात खरी हुशारी आहे ती पैशाची आणि वाऱ्याची. ४५ मीटर व्यासाची भरीव तबकडी उभी केली तर ती वाऱ्यात शिडासारखी फुगणार, मग तिला पेलायला प्रचंड सांगाडा, मग त्याला फिरवायला तेवढ्याच मोठ्या मोटारी. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेच्या दोरांवर ताणून बसवलेली हलकी जाळी वापरली आणि वारा सरळ आरपार जाऊ दिला. तरी वारा फारच सुटला तर तबकडीचं तोंड सरळ वर करून तिला स्थिर ठेवतात.

स्वरूप यांची ही जुनीच खोड. १९७० साली त्यांनी उटीजवळ ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण बांधली, तीही अशा डोंगरउतारावर की उताराचा कोन तिथल्या अक्षांशाएवढा, ११ अंश. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला आपोआप समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती फिरवून तारा धरून ठेवता येऊ लागला. डोंगरानंच अर्धं काम केलं. स्वरूप २०२० साली पुण्यात वारले.

एकूण किती तबकड्या आहेत? आम्ही तर दहा-बाराच मोजल्या.

३० आहेत. त्यातल्या १४ मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकोनात, बाकीच्या १६ तीन फाट्यांवर इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या, दुसऱ्या गावांच्या शिवारांत. दोन टोकांमधलं जास्तीत जास्त अंतर सुमारे २५ किलोमीटर.

शेतकरी मंडळींना मी गुंठ्यात सांगतो: एक तबकडी म्हणजे जवळजवळ सोळा गुंठे, तीसही मिळून पावणेबारा एकर. एवढ्या रानावर पडणारी आकाशातली लहर आपण गोळा करतो.

मग फोटो कसा निघतो?

हे समजायला जरा थांबावं लागतं. प्रत्येक तबकडी आपला संकेत ऑप्टिकल फायबरवरून मधल्या इमारतीत पाठवते. तिथं संगणक प्रत्येक तबकडीची प्रत्येक दुसरीशी जोडी लावतो. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या. एकच लहर जोडीतल्या एकीवर आधी आणि दुसरीवर किंचित नंतर पोचते. तो 'किंचित' किती, यावरून लहर नेमकी कुठल्या दिशेने आली ते कळतं. पृथ्वी फिरते तशा या जोड्या आकाशाच्या दृष्टीने आपली दिशा बदलत जातात, म्हणून आठ-दहा तास एकाच जागेकडे टक लावून बसलं की चित्र भरत येतं. या युक्तीसाठी केंब्रिजच्या मार्टिन राइल यांना १९७४ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

अशी जोडणी केली की ३० तबकड्या मिळून बारकाव्याच्या बाबतीत २५ किलोमीटर रुंदीची एक दुर्बीण होते. २१ सेंटिमीटरच्या लहरीवर तिची नजर सुमारे दोन विकलांची (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). म्हणजे पावणेतीन किलोमीटरवर धरलेलं दहा रुपयांचं नाणं जेवढा कोन करेल तेवढी. प्रकाशाचा वेग, तारेची लांबी, वेळेचा हिशेब, यात कुठंही थोडं चुकलं तरी चित्राचा काला होतो.

१५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे दोन मीटरच्या लहरीवर, याच दुर्बिणीने जवळपास ९० टक्के आकाश झाडून काढलं, आणि त्यात सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोत नोंदले गेले. त्यातले बहुतेक ठिपके तारे नाहीत, दूरच्या दीर्घिका आहेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह.

खोडदच का निवडलं?

शांतता, रेडिओची शांतता. आजूबाजूला डोंगरांचा आडोसा, मोठं शहर जवळ नाही, तरी पुणे ८० किलोमीटरवर, म्हणजे माणसं आणि सामान नेणं-आणणं शक्य. बर्फ नाही, वारा बेताचा. आणि भूचुंबकीय विषुववृत्ताच्या फार जवळही नाही. तिथं वरच्या वातावरणातल्या खळबळीमुळे लांब लहरी गढूळ पाण्यातून पाहिल्यासारख्या थरथरतात.

यातून किरणं बाहेर पडतात का? पिकांवर, पावसावर परिणाम होतो का?

नाही. या तबकड्या काहीही पाठवत नाहीत, फक्त ऐकतात. आमच्या भागात आर्वीला उपग्रह केंद्राची मोठी डिश होती, ती संदेश पाठवायचीही. त्यामुळे जुन्या लोकांच्या मनात दोन्हीची सरमिसळ झाली असावी.

ऐकण्यात किती ऊर्जा येते, याचं एक गणित मी पाटीवर करून दाखवतो. रेडिओ खगोलशास्त्राचं माप म्हणजे जान्स्की, त्याच अभियंत्याच्या नावाचं. एक जान्स्की तीव्रतेचा स्रोत (हा काही मंद स्रोत नव्हे, बऱ्यापैकी ठळक) सगळ्या ३० तबकड्यांनी, ४०० मेगाहर्ट्झ रुंद पट्ट्यात, शंभर वर्षं अखंड ऐकला आणि ती सगळी ऊर्जा पाण्याच्या एका थेंबात ओतली, तर तो थेंब एक अंशाच्या शंभराव्या भागानेही तापणार नाही. पावसाळी ढगाचं ती काय बिघडवणार?

मग आमचे मोबाइल कशाला बंद करायला लावता?

वरच्या गणितामुळेच. समजा चंद्रावर कुणी साधा मोबाइल चालू करून ठेवला, तर पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या मोजक्या ठळक स्रोतांपैकी एक दिसेल. आणि तुमचा फोन तर खिशात आहे, तबकडीपासून पन्नास पावलांवर.

नुसते फोनच नाहीत. विजेच्या तारेच्या गंजलेल्या जोडात उडणारी बारीक ठिणगी, वेल्डिंग, जुन्या गाडीचा स्पार्क प्लग, हे सगळं या लहरींवर खरखर करतं. कुठल्या खांबावर ठिणगी उडते ते शोधत हिंडावं लागतं. ज्याला विश्वाचा जन्म ऐकायचाय त्याला आधी गावातला खांब दुरुस्त करून घ्यावा लागतो, हे मला या सगळ्यातलं फार आवडतं.

पुणे-नाशिक रेल्वेचा प्रश्नही इथंच येतो. नारायणगावच्या बाजूने जाणारी आखणी दुर्बिणीला बाधक ठरेल म्हणून रेल्वेने मार्ग बदलायचं ठरवलं, आणि तालुक्यात नाराजी पसरली. ती नाराजी मला खोटी वाटत नाही. पण विजेवर धावणाऱ्या गाडीच्या वरच्या तारेला पेंटोग्राफ (इंजिनाच्या छपरावरचा वीज घेणारा सांगाडा) घासतो तेव्हा ठिणग्या उडतातच, हेही खोटं नाही.

तुम्ही सारखे '२१ सेंटिमीटर' म्हणता. ती काय भानगड आहे?

विश्वात सगळ्यात जास्त काय आहे? हायड्रोजन. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, संपलं. हे दोन्ही कण छोट्या चुंबकांसारखे वागतात. दोघांच्या फिरकीची दिशा एक असेल तर अणूत किंचित जास्त ऊर्जा असते, उलट असेल तर किंचित कमी. इलेक्ट्रॉनने उलटी मारली की ती फरकाची ऊर्जा २१ सेंटिमीटरची लहर होऊन बाहेर पडते, वारंवारता सुमारे १,४२० मेगाहर्ट्झ. एकट्या पडलेल्या अणूला ही उलटी मारायला सरासरी १ कोटी १० लाख वर्षं लागतात. म्हणजे एका अणूवर नजर ठेवून बसण्यात अर्थ नाही. पण दीर्घिकेत अणूच इतके, की कुणी ना कुणी सतत उलटत असतो. १९४४ साली नेदरलँड्समध्ये व्हान दे हुल्स्ट यांनी हे भाकीत केलं, १९५१ साली हार्वर्डला ती लहर प्रत्यक्ष सापडली.

आता विश्व प्रसरण पावतंय. लहर निघाल्यापासून आपल्यापर्यंत येईतो वाटेतलं अवकाशच ताणलं जातं आणि लहरही ताणली जाते. २१ सेंटिमीटरची ४८ झाली, १,४२० ची वारंवारता ६२० वर आली, तर ती किती जुनी ते काढता येतं. हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. २०२३ च्या जानेवारीत खोडदच्या दुर्बिणीतून एका दीर्घिकेचा नेमका असाच संकेत सापडल्याचं जाहीर झालं. तो निघाला तेव्हा सूर्य आणि पृथ्वी जन्मायची होती, सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी. एवढ्या लांबून एका दीर्घिकेचा हायड्रोजन ऐकू यायला नको खरं तर. पण वाटेत दुसरी दीर्घिका आडवी होती आणि तिच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम करून तो संकेत सुमारे तीसपट मोठा केला.

असं भिंग नसेल तेव्हा दुसरा उपाय. वारीत लांब चाललेल्या एका माणसाचं पुटपुटणं आपल्याला ऐकू येत नाही, पण हजारो जण एका तालात तोच अभंग म्हणायला लागले की दोन मैलांवरून कळतं. पुण्याच्या एनसीआरए, म्हणजे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी हजारो दीर्घिकांचे संकेत असेच एकावर एक ठेवले, आणि ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत सरासरी किती हायड्रोजन होता ते २०२० साली मोजलं. त्यातून निघालेली गोष्ट साधी आहे: त्या काळी दीर्घिका इतक्या झपाट्याने तारे घडवत होत्या, की साठ्यातला वायू जेमतेम १०० ते २०० कोटी वर्षं पुरला असता. नंतर विश्वात तारे जन्मण्याचा वेग का मंदावला, त्याचं हे एक मोठं कारण दिसतं. कोठारात धान्य उरलं नाही.

कृष्णद्रव्य दिसतं का या दुर्बिणीतून?

नाही, ते कशातूनच दिसत नाही. पण त्याची चाहूल हायड्रोजनमुळेच पक्की झाली. दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या पलीकडेही वायू पसरलेला असतो आणि तो किती वेगाने फिरतो ते २१ सेंटिमीटरच्या लहरीवरून कळतं. मध्यापासून लांब गेल्यावर वेग उतरायला हवा, जसे सूर्यापासून लांबचे ग्रह हळू चालतात. तो उतरत नाही. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी दिसणाऱ्या प्रकाशात हेच दाखवलं होतं. म्हणजे न दिसणारं काहीतरी ओढून धरतंय. आजच्या हिशेबात विश्वातला सुमारे २७ टक्के ऐवज हा, ६८ टक्के त्याहून गूढ कृष्णऊर्जा, आणि तुम्ही, मी, तारे, वायू, सगळं मिळून राहिलं पाच टक्क्यांत. कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा काय आहे हे कुणालाच माहीत नाही. स्टॉलवर हे सांगितलं की पालक जरा नाराज होतात, मुलं खूश होतात.

पल्सार म्हणजे काय, आणि त्याचा गुरुत्वीय लहरींशी काय संबंध?

मोठा तारा फुटल्यावर कधीकधी त्याचा गाभा दाबला जाऊन २० किलोमीटरच्या आसपास व्यासाचा गोळा उरतो. वजन मात्र सूर्याहून जास्त. नारायणगाव ते जुन्नर एवढ्या टापूत मावणारा सूर्यच समजा. तो गरगर फिरतो आणि त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा रेडिओचा झोत दीपगृहाच्या दिव्यासारखा आपल्यावरून जातो. तोच ठोका. १९६७ साली जोसेलिन बेल या केंब्रिजच्या विद्यार्थिनीला कागदाच्या भेंडोळ्यावर असा पहिला ठोका दिसला, दर १.३३ सेकंदाला एक. सगळ्यात वेगवान पल्सार सेकंदाला ७१६ वेळा फिरतो.

काही पल्सार इतके नेमके, की ठोका कधी येणार हे वर्षानुवर्षं आधी सांगता येतं. मग अवकाशातून मोठी गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आखडत जाणारी लाट, गेली तर? पृथ्वी आणि पल्सार यांच्यातलं अंतर किंचित ताणलं किंवा आखडलं जाणार आणि ठोका सेकंदाच्या कोट्यंशाच्या हिशेबात लवकर किंवा उशिरा येणार. एकाच पल्सारवर विसंबता येत नाही, त्याचंच काही बिघडलं असेल. म्हणून आकाशभरातले अनेक पल्सार. दोन पल्सार आकाशात एकमेकांपासून किती कोनात आहेत यावर त्यांचं चुकणं किती जुळेल हे ठरतं. हे सूत्र हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ सालीच मांडलं होतं. जुळणी पाहायला मात्र चाळीस वर्षं गेली.

२९ जून २०२३ ला जगातल्या अनेक गटांनी एकदम जाहीर केलं की ती जुळणी दिसू लागली आहे. युरोपच्या गटाबरोबर इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे हा भारत आणि जपानमधल्या शास्त्रज्ञांचा गट होता, आणि त्याची निरीक्षणं खोडदची. खोडदचं महत्त्व असं: वाटेतले मोकळे इलेक्ट्रॉन पल्सारचा ठोका रेंगाळवतात, आणि लांब लहरींना जास्त. ती चूक वजा करायची तर लांब लहरींवरची मोजणी हवी, जी इथं उत्तम होते.

या लहरी बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांतून येतात, कोट्यवधी सूर्यांच्या वजनाची विवरं एकमेकांभोवती संथ फिरतायत त्यातून. एक लाट पुरी जायला वर्षानुवर्षं लागतात. वर्तमानपत्रांनी 'शोध लागला' असे मथळे दिले. शास्त्रज्ञांनी शब्द वापरला होता 'पुरावा'. तो फरक मी जपतो.

हिंगोलीची लायगो म्हणजे हीच का?

नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया गुरुत्वीय लहरी थेट पकडणार, चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांत लेसर सोडून. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या लहरी सेकंदाला शेकडो वेळा हलणाऱ्या, खोडदच्या काही वर्षांतून एकदा. एक तबल्यावरची बोटं मोजते, दुसरी भरती-ओहोटी.

महास्फोट नेमका कुठं झाला?

सगळीकडे. तुम्ही उभे आहात तिथंही. तो अवकाशात कुठेतरी फुटलेला फटाका नव्हता, अवकाशच पसरायला लागलं, १,३८० कोटी वर्षांपूर्वी.

त्यानंतरचा सगळ्यात मोठा ज्ञात स्फोट विचाराल तर तो भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकासमूहात झाला. तिथल्या कृष्णविवराने भोवतालच्या तप्त वायूत एवढं मोठं खिंडार पाडलं, की त्यात आपल्या आकाशगंगेएवढ्या पंधरा दीर्घिका ओळीने मावतील. २०२० साली हे जाहीर झालं तेव्हा क्ष-किरण दुर्बिणींना खिंडाराची कड दिसली होती, आणि आत काय भरलंय हे सांगणाऱ्या रेडिओ दुर्बिणींत खोडदची होती.

परग्रहवासीयांचे संदेश आले का?

आले नाहीत. बेलबाईंच्या पल्सारलाही आधी गमतीने 'छोटी हिरवी माणसं' असं टोपणनाव होतं. यंत्रांचे संदेश मात्र इथं ऐकले आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संकेत खोडदला येत होता, आणि उतरण्याच्या थोडा आधी तो तुटला. यान आपटलं होतं.

याचा आम्हाला काय उपयोग?

वाय-फायमागचं एक महत्त्वाचं तंत्र ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या कामातून आलं, असं सांगून हा प्रश्न मिटवता येतो. मी पूर्वी तसंच सांगायचो. आता नाही सांगत. एकदा एका आजोबांनी विचारलं, आणि मी उत्तर जुळवेपर्यंत त्यांच्याबरोबरची नात म्हणाली, "आबा, ते आकाशाचं वय मोजतात." आबांनी मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

पाहायला कधी यायचं?

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीला, दुर्बीण लोकांसाठी खुली असते. शाळांचे प्रकल्पही मांडलेले असतात. एरवी यायचं तर आधी परवानगी काढावी. ऊन कडक असतं, टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा. फोन फाटकाच्या अलीकडेच बंद करा. सायलेंटवर टाकून चालत नाही, तो तसाही टॉवरशी बोलतच असतो.